नवं गॅरेज बांधताना: आधी फरशी, मग भिंत, पत्रा सर्वांत शेवटी

गॅरेज बांधायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती छताची. स्लॅब घालायचा की पत्रा टाकायचा? मग शटरचा रंग. माझं पहिलं गॅरेज मी याच क्रमाने बांधलं आणि पुढची कित्येक वर्षं ते निस्तरत बसलो. पत्रा चांगला होता, शटर तर शेवटपर्यंत कुरकुरलं नाही. फरशी मात्र अगदी सपाट झाली होती. पावसातून गाडी आत आणली की अंगावरून निथळलेलं पाणी मागच्या चाकांमध्ये साचून राहायचं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलायचं नाही. त्या ओलीने भिंतीचा खालचा फूटभर गिलावा फुगला, लोखंडी मांडणीचे पाय गंजले. दुरुस्ती एकच होती, सगळा कोबा फोडून पुन्हा घालणे. पत्रे बदलायला दोन दिवस पुरतात. फरशी बदलायची तर आतलं सगळं सामान बाहेर काढावं लागतं आणि गाडी महिनाभर रस्त्यावर राहते.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो: जे नंतर बदलता येणार नाही, ते आधी ठरवा आणि पैसा तिथे घाला. जागा, माप, जमिनीची पातळी, फरशी आणि दरवाजासाठी सोडलेली मोकळी रुंदी या गोष्टी एकदा झाल्या की झाल्या. भिंत त्यानंतर. छत, दरवाजाचा प्रकार आणि रंग अगदी शेवटी, कारण ते दहा वर्षांनीही बदलता येतात. बजेट आवळायची वेळ आली तर या शेवटच्या यादीतून आवळा. पुढचं सगळं ठरवण्याच्या याच क्रमाने लिहिलं आहे.

माप कागदावर नको, जमिनीवर आखा

छोटी हॅचबॅक ३.८ ते ४ मीटर लांब आणि १.७ मीटरच्या आसपास रुंद असते. मोठी एसयूव्ही ४.६ ते ४.९ मीटर लांब, १.९ मीटर रुंद, आणि आरसे धरले तर दोन मीटरच्या पुढे. हे आकडे बघून लोक तीन मीटर रुंदीचं गॅरेज बांधतात. त्यात गाडी मावते, पण गाडीतून उतरणारा माणूस मावत नाही. एका गाडीसाठी आतून ३.६ बाय ६ मीटर धरा, दोन गाड्यांसाठी किमान ६ बाय ६. भिंतीला मांडणी किंवा कामाचं टेबल लावायचं असेल तर त्या बाजूला आणखी ६० सेंटिमीटर द्या.

आता फक्की आणि दोरी घ्या आणि ठरलेल्या जागेवर हे माप आखा. गाडी आत उभी करा. चारही दरवाजे उघडा, डिकी उघडा. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. जिथे पाय फक्कीच्या रेघेवर पडतो, तिथे उद्या भिंत असणार आहे. अर्ध्या तासाचा हा उद्योग कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवतो. गाडी वळवून आत घेऊन बघा, मागे घेऊन बाहेरही काढा. दरवाजासमोर पाच-सहा मीटर सरळ जागा नसेल तर गाडी तिरकी आत शिरते आणि मग दरवाजा आणखी रुंद लागतो.

नवख्यांची एक हमखास चूक इथेच होते. मिस्त्री बाहेरचं माप धरतो आणि मालक आतलं. २३ सेंटिमीटरच्या दोन भिंती म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर जागा गेली, शिवाय गिलाव्याची जाडी वेगळी. आतून ३.६ मीटर हवे असतील तर बाहेरून ४.१ मीटर आखावं लागतं. नकाशावर स्पष्ट लिहून घ्या: ‘गिलावा झाल्यावर आतलं माप’.

उंचीचं म्हणाल तर तुळईखाली किमान २.४ मीटर मोकळे ठेवा. वर उघडणारी डिकी सहज दोन मीटरच्या वर जाते, टपावर सामान बांधलं की गाडीच तेवढी उंच होते. पुढेमागे गाडी उचलायची लिफ्ट बसवायचा विचार मनात असेल तर साडेतीन मीटर उंची आत्ताच धरून चला.

बांधकाम परवानगी, हद्दीपासून सोडायचं अंतर, डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा आणि जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या-सांडपाण्याच्या लाइनी हे सगळं फक्कीची रेघ ओढण्याआधी तपासून घ्या.

खड्डा खणून माती बघा

ठरलेल्या जागेच्या दोन टोकांना मीटर-दीड मीटर खोल खड्डे खणा. मुरूम किंवा खडक लागला तर पायाचं काम सोपं आहे. काळी चिकणमाती लागली तर सावध व्हा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावर थेट घातलेली फरशी दरवर्षी थोडी वर-खाली होत राहते. ओळखायची सोपी खूण अशी: ओल्या मातीची तळहातावर वळी वळा. ती न तुटता दोरीसारखी बारीक होत गेली तर चिकणमातीचा अंश भरपूर आहे. अशी माती पुरेशी खोलवर काढून तिथे मुरूम भरावा लागतो. किती खोल, हे इंजिनिअरला जागेवर बोलावून ठरवा. तिसरा प्रकार भरावाचा. खड्ड्यात प्लॅस्टिक, विटांचे तुकडे, राख दिसली तर तिथे कधीतरी भर टाकलेली आहे आणि ती अजून बसायची बाकी असू शकते.

विटा किंवा ब्लॉकच्या भिंतीला खालून सलग पाया लागतो, लोखंडी खांबांना प्रत्येकी वेगळं फूटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा लागतो. हलक्या, छोट्या गॅरेजला कडा जाड केलेला एकसंध काँक्रीटचा स्लॅब पुरतो, तोच पाया आणि तीच फरशी. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो, नाहीतर बर्फ होताना फुगणारं पाणी पाया उचलतं.

गॅरेज घराला चिकटून येणार असेल तर आणखी एक गोष्ट. घराचा पाया वर्षानुवर्षांच्या वजनाने बसलेला असतो, नवा पाया अजून बसायचा असतो. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवल्या तर सांध्यावर तिरकी भेग ठरलेली. मधे दोन-अडीच सेंटिमीटरची फट सोडून ती दबणाऱ्या फळीने भरा आणि बाहेरून सीलंट लावा.

फरशी: इथे हात आखडता घेऊ नका

आधी वरची पालापाचोळ्याची, मुळ्यांची माती १५-२० सेंटिमीटर काढून टाका. भर टाकायची ती १५ सेंटिमीटरच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, धुम्मस करायची किंवा प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं यंत्र) फिरवायचा, मगच पुढचा थर. एका दमात अर्धा मीटर भर टाकून वरून ठोकली तर वरचा थर तेवढा घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. तो पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो आणि फरशी अधांतरी राहते. वाळवीचा त्रास असलेल्या भागात औषध मारायची वेळ हीच, फरशी झाल्यावर खालची माती पुन्हा हाती लागत नाही.

त्यावर १० ते १५ सेंटिमीटर दगडी सोलिंग (हाताने रचलेल्या दगडांचा थर) किंवा दाबलेली खडी, तिच्या टोकदार कडा झाकायला बारीक कचेचा पातळ थर, आणि मग २५० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिक कागद. कागदाचे तुकडे एकमेकांवर किमान १५ सेंटिमीटर चढवा आणि चिकटपट्टी लावा. हा कागद स्वस्तातला असतो आणि घाईत बहुतेक वेळा हाच वगळला जातो. जमिनीतून वर चढणारी ओल तोच अडवतो.

साध्या गाडीसाठी १० सेंटिमीटर जाड काँक्रीट चालतं. मी १२.५ घालायला सांगतो. आजची विजेवर चालणारी गाडी बॅटरीमुळे तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते आणि फरशी नंतर जाड करता येत नाही. जड व्हॅन किंवा लिफ्ट येणार असेल तर १५ सेंटिमीटर आणि लिफ्टवाल्याने दिलेला तपशील. काँक्रीट किमान एम-२० प्रतीचं घ्या. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं. हाताने मिसळायचं तर सिमेंट एक भाग, वाळू दीड, खडी तीन. ३.६ बाय ६ मीटरच्या फरशीला १२.५ सेंटिमीटर जाडीने २.७ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे ५० किलोच्या साधारण २२ गोण्या. गोण्या मोजून उतरवून घ्या. काम संपल्यावर रिकाम्या गोण्याही मोजा.

आता उतार. मागच्या भिंतीपासून दरवाजाकडे दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर. सहा मीटरला ६० ते ७० मिलिमीटर होतात. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पाणी मात्र वाट सोडत नाही. ही पातळी लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर दोन्ही बाजूंना आधीच मारून घ्या आणि रेषेवर रंगीत दोरी मारा. ‘आम्ही अंदाजाने देतो बरोबर’ असं कोणी म्हणालं तरी दोरी मारूनच घ्या, माझी फरशी अंदाजानेच सपाट झाली होती. तयार फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर हवी, दरवाजासमोर छोटा रॅम्प आणि रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळीची नाली. पण घराला जोडलेलं गॅरेज असेल तर त्याची फरशी घरातल्या फरशीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटते. एका पायरीचा हा फरक तिला उंबऱ्याबाहेर थोपवतो.

फरशीत घालायच्या सळईच्या जाळीबद्दल नीट सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सळईची जाळी प्लॅस्टिकवर आडवी पसरलेली असते. काँक्रीट ओततात, कामगार तिच्यावरून चालतात आणि जाळी तळाशी चिकटून राहते. मधेच कोणी आकड्याने ती वर ओढतो, पाऊल पुढे पडलं की ती पुन्हा खाली जाते. फरशी वाळताना आकसते तेव्हा भेग वरून उघडते आणि तिला धरून ठेवणारं लोखंड तळाशी झोपलेलं असतं. जाळी जाडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात हवी. त्यासाठी काँक्रीट ओतण्याआधीच तिच्याखाली पुरेशा उंचीचे कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे) मीटर-मीटरवर लावा आणि ते लागलेत का हे स्वतः वाकून बघा.

ओतायच्या दिवशी पाण्यावर लक्ष ठेवा. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही याच हिशोबात येतं. माल पसरवायला सोपा जावा म्हणून मारलेली प्रत्येक जादा बादली ताकद कमी करते आणि भेगा वाढवते. ओतल्यावर थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाण्याचा चमकता थर येतो. तो आपोआप जिरेपर्यंत घोटाई सुरू करायची नाही. घाईत त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं तर फरशी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि वर्षभरात तिची साय निघू लागते, झाडू मारला की रोज पांढरी धूळ. गॅरेजला आरसा नकोच. घोटून झाल्यावर वरून हलका झाडू फिरवून बारीक खरखर ठेवा, ओल्या चाकांना आणि ओल्या पायांना पकड मिळते.

काँक्रीट आकसणारच, भेग कुठे पडावी एवढं आपल्या हातात असतं. साधारण तीन-तीन मीटरवर जाडीच्या एक चतुर्थांश खोल काप द्या, तोही २४ तासांच्या आत. ३.६ बाय ६ च्या फरशीला मधोमध एक आडवा काप पुरतो. भिंतीलगत फोमची पट्टी लावली की फरशी भिंतीला न ढकलता हलू शकते.

मग पाणी. किमान सात दिवस, राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस फरशी सतत ओली ठेवा. मातीच्या वरंब्यांचे वाफे करून पाणी साठवून ठेवलं तर उत्तम, कारण सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलेलं पाणी उन्हात तासाभरात उडतं. आठवड्याआधी गाडी आत आणू नका. जड गाडी २८ दिवसांनी.

आणि ओतण्याआधी विजेचा, पाण्याचा रिकामा पाइप फरशीखालून टाकून ठेवा. आज गरज नसली तरी टाका.

भिंत कशाची?

विटेची २३ सेंटिमीटर भिंत जड, मजबूत आणि कुठल्याही गवंड्याच्या हातची. खिळा ठोका, मांडणी लटकवा, गाडीचा हलका धक्का लागू द्या, ती सोसते. जागा किंवा पैसा कमी असेल तर ११.५ सेंटिमीटरची अर्ध्या विटेची भिंत चालते, पण दर दोन-तीन मीटरवर जाड खांब घेऊनच. एकसलग लांब पातळ भिंत वाऱ्याला आणि धक्क्याला टिकत नाही.

एएसी ब्लॉक म्हणजे स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात निघालेलं हलकं काँक्रीट. राख किंवा वाळू, चुना, सिमेंट यांच्या लगद्यात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि लगदा पावासारखा फुगतो, मग तो वाफेच्या दाबाखाली भाजतात. ६० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा एक ब्लॉक कोरडा १४-१५ किलोचा भरतो. तेवढ्याच आकाराचं विटकाम तिपटीने जड होईल. काम झपाट्याने होतं आणि ऊन आत कमी येतं. उणिवाही ठाऊक असू द्या. त्यात साधा खिळा धरत नाही, जड मांडणीसाठी त्यासाठीच बनवलेले लांब अँकर लागतात. तो पाणी पितो, म्हणून जमिनीलगतचे पहिले दोन-तीन थर विटेचे किंवा भरीव काँक्रीट ब्लॉकचे घ्या. काँक्रीटच्या खांबाला तो जिथे भिडतो तिथे जाळी मारूनच गिलावा करा, नाहीतर उभी भेग येते.

पोकळ काँक्रीट ब्लॉक मला गॅरेजसाठी मनापासून आवडतात. दरवाजाच्या कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई सोडून काँक्रीट भरलं की भिंतीतच खांब तयार होतो, वेगळं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागत नाही.

लोखंडी सांगाडा आणि पत्र्याच्या भिंती सर्वांत लवकर उभ्या राहतात आणि उद्या खोलून हलवता येतात. गंज नेहमी खांबाच्या पायथ्यापासून चढतो, म्हणून बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट, फरशीत गाडू नका. फरशीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर बोल्टने बसवा. जोडकाम वेल्डिंगचं असेल तर वेल्डिंगच्या जागी झिंक प्रायमर आधी आणि रंग नंतर. समुद्राजवळ गरम जस्तात बुडवलेलंच लोखंड घ्या. हलक्या गॅरेजचा दुसरा शत्रू वारा. जोराचा वारा त्याला आडवं पाडण्याआधी वर उचलायला बघतो, तेव्हा त्याला धरून ठेवतं ते फूटिंगचं वजन आणि बोल्ट. दिसायला हलकं म्हणून फूटिंग छोटं करू नका.

लाकूड वापरायचं तर प्रक्रिया केलेलंच, आणि खालची आडवी पट्टी बाहेरच्या जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच.

भिंत कशाचीही असो, जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर हवाच.

दरवाजाची बाजू सर्वांत नाजूक

चार भिंतींपैकी एका भिंतीचा मोठा हिस्सा आपण कापून काढतो, हे विसरून चालत नाही. एका गाडीला २.७ मीटर मोकळी रुंदी द्या. २.४ मध्ये गाडी जाते, पण रोज आरसे सांभाळत. दोन गाड्यांना सलग एकच दरवाजा हवा तर ४.८ ते ५ मीटर. तेवढ्या लांब तुळईचं डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या, शेजारच्या गॅरेजची सळई बघून नको. मधे एक खांब घेऊन दोन दरवाजे केले तर तुळई अर्ध्यावर येते आणि भूकंपात, वाऱ्यात ही बाजू जास्त भक्कम राहते. माझा कल नेहमी दोन दरवाजांकडे असतो.

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना भिंतीचा फूट-दीड फुटाचा अरुंद तुकडा उरतो आणि वरचं सगळं वजन त्यावर येतं. तो नुसत्या विटेचा ठेवू नका, तिथे काँक्रीटचा खांब घ्या. तुळईखालचे टेकू किमान १४ दिवस काढू नका, घाई कितीही असो.

छत

आकड्यांनीच बघा. ४ बाय ६.५ मीटरच्या छताला १२.५ सेंटिमीटर स्लॅब घातला तर नुसत्या काँक्रीटचं वजन सुमारे ८ टन. अर्धा मिलिमीटर जाड पत्रे टाकले तर पत्र्यांचं वजन दीडशे किलोच्या आत. पुढे वर खोली किंवा गच्ची हवी असेल तर स्लॅबला पर्याय नाही, पण मग पाया आणि भिंती त्या हिशोबानेच आधी केलेल्या हव्यात. वर काहीच येणार नसेल तर स्लॅब म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पत्र्यात साधा जस्ताचा आणि गॅल्व्हल्यूम असे दोन प्रकार मिळतात. गॅल्व्हल्यूमच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन. तो बराच जास्त टिकतो. ओल्या सिमेंटशी मात्र त्याचं जमत नाही, म्हणून पत्रा भिंतीत थेट लिंपू नका, सांध्यावर फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पत्र्याची वाकवलेली पट्टी) लावा. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी कॅन्सर होतो आणि पत्रा कापताना, भोक पाडताना तेच तंतू हवेत उडतात.

पाख्याला उतार १० अंशांच्या आसपास ठेवा. पत्रे बसवायला सुरुवात नेहमीचा वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून करा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. स्क्रू रबरी वॉशरचेच. वॉशर किंचित दबला की थांबायचं, चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो. सहा मीटरचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळपास ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो, आणि ही ओढाताण रोज त्या वॉशरवर होते. काम संपताच ड्रिलचा लोखंडी चुरा मऊ ब्रशने झाडून घ्या. तो तिथेच राहिला तर पहिल्या दवाने पत्र्यावर गंजाचे ठिपके उमटतात.

पहाटे पत्र्याखालून थेंब पडू लागले की लोक गळती शोधायला छतावर चढतात. स्वच्छ आभाळाच्या रात्री पत्रा आतल्या हवेपेक्षा थंड होतो आणि आतली दमट हवा त्याला लागून पाणी होते. सीलंट लावून ते थांबत नाही. आढ्याजवळ हवा बाहेर जायला वाट आणि पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर, नाहीतर सरळ मधे फोम असलेलं सँडविच पॅनेल.

दरवाजाचा प्रकार

रोलिंग शटर आटोपशीर आणि दणकट, पण गुंडाळीसाठी वर ३० ते ४५ सेंटिमीटर जागा लागते. ती नसेल तर गुंडाळी खाली येऊन उंची खाते. सेक्शनल दरवाजा, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या आडव्या फळ्यांचा, छतालगत आडवा सरकतो, ऊन-थंडी चांगली अडवतो, मात्र तिथे दिवे आणि पंखा ठेवता येत नाही. दोन पल्ल्यांचा साधा दरवाजा सर्वांत कमी बिघडणारा. पल्ले उघडायला समोर मोकळी जागा असेल तर तोच घ्या.

सेक्शनल दरवाजाच्या स्प्रिंगचं आयुष्य उघड-बंदच्या फेऱ्यांत मोजतात. नेहमीची स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षंही पुरत नाही, म्हणून जास्त फेऱ्यांची मागून घ्या. ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, ती सुटली तर हात मोडतो. मोटर बसवलीत तर खाली काही आलं की दरवाजा मागे फिरवणारा सेन्सर फरशीपासून १५ सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे रांगणारं मूल आणि मांजरही त्याला दिसतं. वीज गेल्यावर हाताने उघडायची सोय आणि माणसाला बाहेर पडायला वेगळा छोटा दरवाजा, या दोन्ही गोष्टी हव्यातच.

हवा आणि वीज

समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका फरशीलगत, दुसरा छतालगत ठेवा. खालचा पेट्रोलची वाफ आणि एलपीजी गॅससाठी, कारण दोन्ही खाली बसतात. वरचा गरम हवेसाठी आणि जुन्या धर्तीची बॅटरी चार्ज होताना सुटणाऱ्या हायड्रोजनसाठी. इंजिनातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि शटर अर्धं उघडं ठेवल्याने तो पुरेसा निघून जात नाही. आत इंजिन चालू ठेवून कधीच थांबू नका. घर जोडलेलं असेल तर मधला दरवाजा भरीव, रबराच्या पट्टीचा आणि आपोआप बंद होणारा असावा, घराच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, आणि झोपायच्या खोलीत उघडणारा दरवाजा ठेवूच नका.

ठिणगी पडू शकेल असं प्रत्येक बटण, सॉकेट, उपकरण फरशीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर. मी सॉकेट एक मीटरवर घेतो, वाकावंही लागत नाही. गाडी चार्ज करण्यासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन आणि गळती ओळखून तुटणारा ब्रेकर हवा. २३० व्होल्टवर ३२ अँपिअरचा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट ओढतो, तोही तासन्‌तास, त्यामुळे वायर त्या हिशोबाची लागते. आज चार्जर घ्यायचा नसेल तर निदान मोठा पाइप भिंतीत टाकून ठेवा.

रंगाआधी दोन चाचण्या

शटर बसवायच्या आधी मागच्या भिंतीशी दोन बादल्या पाणी ओता आणि बघत उभे राहा. ते न थबकता नालीपर्यंत गेलं पाहिजे. कुठे थारोळं राहिलं तर खडूने गोल करा आणि मिस्त्री असेपर्यंतच तेवढा भाग दुरुस्त करून घ्या.

फरशीला इपॉक्सी (कडक होणारा राळेचा लेप) लावायचा असेल तर २८ दिवस तरी थांबा. मग ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा, दोन-तीन ठिकाणी, आणि रात्रभर, किमान १६ तास, तसाच ठेवा. सकाळी खालून बाष्प धरलेलं दिसलं किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर ओल अजून वर येते आहे. अशा फरशीवर लावलेला इपॉक्सी गरम चाकांना चिकटून पापुद्र्यांनी निघतो. डबा बंदच राहू द्या, दोन आठवड्यांनी प्लॅस्टिक पुन्हा चिकटवा.